तीन नंबरच्या बाईचा नवरा

१४ जुलै, सोमवार

साठी उलटल्यावर मला पुन्हा नाटकात काम मिळालं आहे, तेही चेन्नईत. सांगलीच्या मैत्रिणींना कळलं तर वर्षभर चघळतील. पोस्टातली नोकरी सांभाळून मी तिथे हौशी नाटकं करायची. बहुतेक आईची कामं, कारण रडायला मला ग्लिसरीन लागत नसे. ह्यांनी माझं एकही नाटक शेवटपर्यंत पाहिलं नाही. मी रडायला लागले की हे उठून बाहेर पानाच्या गादीपाशी जाऊन उभे राहायचे.

काम सुनेने आणलं. लावण्या मदुरैची, बोलायला मोजकी. यशकडून शिकलेल्या मराठीत माझ्याशी बोलते आणि अडलं की हसते. तिच्या मैत्रिणीची आत्या, शशिकला मॅडम, अड्यारला समुपदेशन शिकवतात. शिकवल्याने माणूस दुसऱ्याचं ऐकायला खरंच शिकतो की नुसतं प्रमाणपत्र घेऊन घरी जातो, हे त्यांना तपासायचं आहे. म्हणून शिकायच्या आधी प्रत्येक विद्यार्थ्याला एका दुःखी बाईपुढे बसवायचं आणि कॅमेरा लावायचा. शिकून झालं की पुन्हा त्याच बाईपुढे बसवायचं. मग दोन्ही चित्रणं परगावच्या परीक्षकांना पाठवायची, आधीचं कुठलं नि नंतरचं कुठलं हे न सांगता. बाई खरी असते, दुःख खोटं असतं. मराठीतून ऐकणारे दोन विद्यार्थी आहेत, तेव्हा मराठीतून रडणारी एक बाई हवी होती.

मॅडमनी मला एक कार्ड दिलं. क्लायंट नंबर तीन. वय साठच्या आसपास, राहणार चेन्नई. नवरा निवृत्त झाल्यापासून घरात बोलत नाही. समोरचा नीट ऐकत असेल तर बाई मोकळी होते, नसेल तर पहिल्याच वाक्यापाशी घुटमळते. बाकीचं तुम्ही भरा, म्हणाल्या, पण जे भराल ते शेवटपर्यंत तेच ठेवा. साडीसुद्धा तीच. तुम्ही आमची फूटपट्टी आहात, आणि फूटपट्टीने मध्येच लांब व्हायचं नसतं.

मग जरा चाचरत त्यांनी विचारलं, टिकली आणि मंगळसूत्र घालायला चालेल ना? मी म्हटलं, नाटकात घालतेच की. येत्या दिवाळीच्या आधी हे जाऊन दोन वर्षं होतील. सांगलीचा ब्लॉक बंद करून मी यशकडे पेरुंगुडीला आले ती त्यानंतर. ह्यांनी चेन्नई पाहिलीच नाही.

१९ जुलै, शनिवार

पहिला प्रयोग झाला.

खोली छान आहे. दोन वेताच्या खुर्च्या, मध्ये काही नाही, खिडकीबाहेर पसरलेलं मोठं झाड. दुपारी आत हिरवट उजेड येतो आणि एसीच्या आवाजात बाहेरचा रस्ता दूर कुठेतरी निघून जातो. बसल्या बसल्या डोळे जड होतात.

आधी हेरंब आला. पुण्याचा, संगणकाच्या कंपनीत आहे, शनिवार-रविवार एका हेल्पलाइनवर फोन घेतो. मी म्हटलं, "नवरा बोलत नाही हो." त्याने मला एका दमात पाच उपाय सांगितले. "काकू, तुम्ही एखादा छंद का नाही लावून घेत? वॉकिंग ग्रुप?" कार्डाप्रमाणे मी पहिल्याच वाक्यापाशी घुटमळत राहिले. बिचारा घामाघूम झाला.

मग नित्या. ही तंजावरच्या मराठ्यांतली, पण चार पिढ्या चेन्नईत. पंचविशीची असेल. आल्या आल्या म्हणाली, "मामी, मज मराठी वाचूं येत नाही. बोलूं येतें. आमची आजी बोलती ती मराठी. तुम्ही हंसूं नका." मी हसले नाही. तिचं मराठी ऐकताना आपण पोथी उघडलीय असं वाटतं, आणि मध्येच तमिळमधलं 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, येतं.

तिला काहीच येत नव्हतं. मी नवऱ्याचं सांगितलं तर म्हणाली, "अय्यो," आणि गप्प बसली. मग विचारते, "ते काय खातात?" हे कसलं समुपदेशन! पण प्रश्न आला म्हणजे उत्तर द्यायला हवं. कार्डावर काहीच नव्हतं. मी म्हटलं, मोसंबी खातात. बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात, साल एकसंध काढतात, कुठेही तुटू देत नाहीत, आणि रस्त्याकडे बघत एकेक फोड खातात. हातात घड्याळ, दहा मिनिटं पुढे केलेलं.

हे सगळं ह्यांचंच आहे, पण तसं काही मनात नव्हतं. नवं रचत बसण्यापेक्षा हाताशी असलेलं घेणं सोयीचं पडतं, एवढंच.

वेळ संपली. मी उठले तर ही पोर पिशवीत हात घालून मोगऱ्याचा गजरा काढते आणि कुंकवाची डबी. "मामी, घ्या. सुवासिनीस रित्या हातीं धाडूं नये, आजी सांगती." कॅमेरा चालू. फूटपट्टीने काय करावं हे कार्डावर लिहिलेलं नव्हतं. मी मान खाली घातली. तिने टिकलीच्या वर कुंकू लावलं आणि गजरा माळला.

२० जुलै, रविवार

मॅडमनी काल नित्याला बाजूला घेऊन समजावलं म्हणे. क्लायंटला काही द्यायचं नाही, स्पर्श करायचा नाही. परीक्षक गुण कापतील. ती हिरमुसली असणार.

मी मात्र काल बसने गजरा घालूनच आले. तीन नंबरची बाई घालून येईलच ना. शेजारच्या बाईने खिडकीपाशी जागा दिली. कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही, आणि कशाला पाहील, कपाळी कुंकू आणि केसांत फुलं असलेल्या साठीच्या बायकांनी बस भरलेली होती. वाटलं, घरी गेल्यावर हे म्हणतील, आज काय विशेष.

सोसायटीच्या फाटकापाशी गजरा आणि मंगळसूत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि कपाळ रुमालाने पुसलं. लावण्याने दार उघडलं. ती माझ्या कपाळाकडे जरा जास्त वेळ पाहत होती. नीट पुसलं गेलं नसावं.

२९ जुलै, मंगळवार

पर्स उघडली की अजून वास येतो. फुलं तांबूस झालीत. टाकून देईन.

लावण्या हल्ली रोज कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून मल्लीपू, म्हणजे आपला मोगरा, आणते. इथे फुलं हाताने मापून देतात, कोपरापासून बोटांपर्यंत एक मुळम. ही दोन मुळम आणते. एक स्वतः माळते, एक केळीच्या पानात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी ते तसंच देवाला वाहते. मी म्हटलं, देवाला एवढं कशाला, तो काही मागत नाही. ती हसली. आजकालच्या मुलींना पैशाची किंमत नाही हेच खरं.

९ ऑगस्ट, शनिवार

आता वर्ग सुरू झाले आहेत आणि मला सरावासाठीही बोलावतात. इतर भाषांच्या मुलांपुढे मोडक्या इंग्रजीत करते. सगळ्यांपुढे तीच बाई आणि तोच नवरा.

तो आता बराच भरला आहे. चेन्नईचं ऊन त्याला सोसत नाही. फिल्टर कॉफीला नाक मुरडतो. मोसंबीला इथे सात्तुकुडी म्हणतात हे त्याला पटत नाही, म्हणून फळवाल्याला बोटाने दाखवून घेतो. संध्याकाळी तिरुवान्मियूरच्या समुद्रावर जातो आणि पँट वर न दुमडता पाण्यात उभा राहतो. मग हे घरी येतात आणि ओल्या पँटने सोफ्यावर बसतात, मी बोलते, हे काही बोलत नाहीत.

खरं सांगायचं तर मी शनिवारची वाट पाहते. लिहायला लाज वाटते, पण हे कुणी वाचणार नाही. त्या हिरव्या खोलीत शिरलं की हे असतात. घरी यश 'बाबा असते तर' म्हणतो, सांगलीहून फोन येतात तेव्हा सगळे 'ते गेल्यापासून' म्हणतात. त्या खोलीत कुणी तसं म्हणत नाही. तिथे सगळे विचारतात, ते सध्या कसे आहेत? मी म्हणते, आहेत, पण बोलत नाहीत.

बोलत नाहीत ही काही फार मोठी तक्रार नव्हे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. सकाळी तिघं समुद्रावर गेलो. यश आणि लावण्या पुढे चालत होती. ऊन अजून कोवळं होतं आणि ओल्या वाळूवर आभाळ उतरलं होतं, पाय कुठे ठेवावा कळेना. पाण्याच्या कडेला एक माणूस पाठमोरा उभा होता, पँट न दुमडता. मी थांबले. हाक मारली नाही, घाई नव्हती. घरी येतीलच.

यशने विचारलं, "आई, काय बघतेस?" मी म्हटलं, समुद्र.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज नित्याबरोबर सराव होता. काय झालं त्या पोरीचं! ताठ बसते, हात मांडीवर जोडून. मी एक वाक्य बोलले की तेच मला परत देते. "म्हणजे तुम्हांस एकटें वाटतें, बरोबर का?" हेरंबही तसाच, फक्त त्याचं प्रमाण मराठी आहे. आधी तो उपाय सांगायचा, आता घड्याळाकडे चोरून पाहत गप्प बसतो, कारण शांततेला जागा द्या असं शिकवलं आहे. त्याची शांतता तिकिटाच्या रांगेतल्यासारखी असते.

मोसंबीचं नित्याने विचारलंच नाही. वेळ संपल्यावर नुसती उभी राहिली. पिशवीतला गजरा मला वरून दिसत होता.

शिकवून पोर बिघडली, असं मी मॅडमना सांगणार होते. मॅडम स्वतःच म्हणाल्या, मधल्या काळात सगळे असेच होतात, नियम आठवण्यात माणूस ऐकायचं विसरतो, मग नियम हाडीमांसी मुरतात आणि पुन्हा ऐकू येऊ लागतं. सगळ्यांनाच येतं असं नाही, म्हणून तर हा खटाटोप.

मी खूश होऊन घरी आले. का ते कळलं नाही. कार्डात लिहिलं आहे, समोरचा नीट ऐकत असेल तर बाई मोकळी होते. मोकळी झाली तर पुढे काय, हे लिहिलेलं नाही. बाई बरी झाली की नवऱ्याने बोलायला लागायचं का? मला नाही वाटत तो बोलेल. तेव्हा कुणी फार नीट न ऐकलेलंच बरं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज घरात वाजलं.

पितृपक्ष चालू आहे. सकाळी यशने विचारलं, "आई, बाबांचं पान सर्वपित्रीला ठेवूया ना? गेल्या वर्षी आपल्या गोंधळात राहून गेलं." मी भाजी चिरत होते. म्हटलं, "कशाला?"

यश बघतच राहिला. मग म्हणाला, "आई, तू हल्ली दोन कप चहा करतेस. एक बाल्कनीत नेऊन ठेवतेस. लावण्याने मला हे काढू नको म्हटलं होतं, पण मी काय आंधळा आहे?"

मी म्हटलं, भूमिकेची तयारी असते, तुला नाटकातलं काय कळतं.

"हे काम बंद कर. नाहीतर तिथल्याच एखाद्या मॅडमशी तू स्वतःसाठी बोल."

मला हसू आलं. समुपदेशकांना मी शिकवते आणि हा मलाच समुपदेशकाकडे पाठवतो आहे. पण त्याने डोळे पुसले. शेवटचा प्रयोग वीस तारखेला आहे, तोवर कर, मग बास, असं ठरलं. त्याच्या बाबांसारखाच दाराकडे तोंड करून रडतो.

वीस तारीख. त्यानंतर ती खोली नाही, ती बाई नाही, हेही नाहीत. भाजीत मीठ घालायचं राहिलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

काही झालं नाही. चहा एकच कप केला. बाल्कनी फार मोठी वाटते.

२० सप्टेंबर, शनिवार

मी फूटपट्टी मोडली. जसं झालं तसं लिहून ठेवते.

तीच निळी साडी, तीच टिकली, तीच खोली. झाडाला मधल्या पावसाने पालवी आली होती आणि उजेड जास्तच हिरवा झाला होता. आधी हेरंब. खोटं कशाला बोलू, तो सुधारला आहे. एकही उपाय सांगितला नाही. एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि स्वतःच ओशाळला. मी त्याच्यापुढे दोन पावलं मोकळी झाले, कार्डात बसेल तेवढीच.

मग नित्या आली. ताठ नव्हती. हातही जोडलेले नव्हते. खुर्चीत अशी बसली की तिला पुढे कुठे जायचंच नाही. मी सुरुवात केली, नवरा बोलत नाही. तिने वाक्य परत दिलं नाही. बाल्कनीचं सांगितलं, मोसंबीचं सांगितलं, रस्त्याचं सांगितलं. ती ऐकत होती. मला वाटलं आता ती बाल्कनीसुद्धा तिला दिसते आहे, लाल फरशीची, कठड्यावर तुळशीची कुंडी असलेली. चेन्नईच्या आमच्या बाल्कनीत लाल फरशी नाही.

मग तिने विचारलं, "मामी, ते रस्त्याकडे काय पाहतात?"

"येणारी-जाणारी माणसं."

"कोणाची वाट पाहतात का?"

"माझी."

"तुम्ही तर घरांतच अहां न?"

इथे मी म्हणायला हवं होतं की हो, मी स्वयंपाकघरात असते. कार्डाप्रमाणे तेच बरोबर. मी म्हटलं, "नाही. मी इकडे आले. ब्लॉक बंद करून आले. ह्यांना माहीतच नाही मी इकडे आहे ते. नोकरीभर मी लोकांचे बदललेले पत्ते लिहून घेतले, आणि ह्यांना माझा पत्ता कळवायचा राहिला."

बोलून गेल्यावर मला ते ऐकू आलं.

नित्याने रुमाल पुढे केला नाही, पाणी दिलं नाही, खुर्ची सरकवली नाही. मी रडत होते आणि हे नाटकातलं रडणं नव्हतं, नाक गळत होतं, तोंड वेडंवाकडं झालं होतं. ती तिथेच होती. पानाच्या गादीपाशी जाऊन उभं राहावं असं तिला वाटलं असेल तर तिने ते दाखवलं नाही.

मी नाक पुसलं तेव्हा म्हणाली, "ते कोठें अहांत, मामी?"

"सांगलीला," मी म्हटलं. मग म्हटलं, "म्हणजे, नाहीत. दोन वर्षं झाली. नाहीत ते."

आजवर हा शब्द मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता. स्वतः उच्चारला नव्हता. सांगलीत माणसं भेटायला आली तेव्हाही मी नुसती मान हलवायची.

वेळ संपली. नित्या उठली. तिचा हात पिशवीकडे गेला आणि परत आला. "जाऊन या, मामी," एवढंच म्हणाली. तिला नियम आठवला की मी कोण आहे ते कळलं, हे मला समजलं नाही. रिकाम्या डोक्याने बसमध्ये बसले. टिकली काढून पर्सच्या आतल्या कप्प्याला चिकटवली.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. सकाळी मीच यशला म्हटलं, पान ठेवायचं आहे, केळीचं पान आण. तो चप्पल घालून निघाला. जाताना दाराकडे तोंड करून जरा उभा राहिला.

लावण्याने विचारलं, "बाबाला काय आवडतं?" मी सांगितलं, तिने केलं. खीर जरा पातळ झाली. शेवटी एक मोसंबं घेतलं आणि साल एकसंध काढायचा प्रयत्न केला. दोनदा तुटली. तशीच ठेवली.

कावळा लगेच आला. त्यात काही विशेष नाही, इथल्या कावळ्यांना घरोघरी रोजचाच भात असतो. तरी बरं वाटलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

मॅडमनी बोलावलं होतं. मी माफी मागायची तयारी करून गेले होते, सगळी वाक्यं इंग्रजीत पाठ. त्यांनी मला आधी बसवून ताक दिलं.

म्हणाल्या, नित्याचं ते चित्रण अभ्यासात धरता येणार नाही. आधीची बाई आणि नंतरची बाई एक नाही राहिली, तुलना कशाची करणार. मी म्हटलं, पुन्हा करूया, मी बरोबर करीन. त्या म्हणाल्या, "नाही हो. तुम्हाला आता जमणार नाही." मग चष्मा काढून पुसत राहिल्या. म्हणाल्या, वीस वर्षं शिकवते आहे आणि शिकवण्याचा उपयोग होतो का हे मला मोजून हवं होतं. ज्या एका दिवशी तो डोळ्यांसमोर झाला, तोच नेमका मोजता येत नाही. आणि अजूनही मी छातीठोक सांगू शकत नाही की तो शिकवल्यामुळे झाला की ती पोर मुळातच तशी आहे.

मी म्हटलं, पहिल्या दिवशी ती ऐकत होती पण तिला धीर नव्हता, लगेच काहीतरी हातात द्यावंसं वाटायचं. परवा तिने काहीच दिलं नाही, म्हणून मला बोलावं लागलं. हे मी कसंबसं इंग्रजीत सांगितलं. मॅडमनी ते लिहून घेतलं नाही, पण दोनदा वदवून घेतलं.

निघताना त्यांनी मला तिथल्याच तिसऱ्या मजल्यावरच्या एका समुपदेशक बाईंचं नाव सांगितलं. तमिळ आहेत पण मराठी कळतं, नवरा सोलापूरचा. पुढच्या मंगळवारी जाणार आहे, स्वतः म्हणून, कुठलंही कार्ड न घेता. यशला सांगितलं तर 'मी म्हटलंच होतं' असं म्हणेल, म्हणून अजून सांगितलेलं नाही.

जिन्यात नित्या भेटली. तिची परीक्षा दुसऱ्या क्लायंटपुढे तमिळमधून घेतली, पास झाली. मला राहवलं नाही. विचारलं, "त्या दिवशी पिशवीत फुलं होती ना गं? दिली का नाहीस?"

ती गोंधळली. "द्यायचीं होतीं, मामी. मग मज कळलें नाही, कोणास देऊं. तीन नंबरच्या मामीस की तुम्हांस."

मी तिला म्हटलं, शुक्रवारी आमच्याकडे कोलू बघायला ये.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

लावण्याने नवरात्राच्या कोलूसाठी दिवाणखान्यात पायऱ्या मांडून बाहुल्या बसवल्या आहेत. तिच्या आजीच्या लाकडी राजाराणीशेजारी मी सांगलीहून आणलेला मातीचा बैल ठेवला आहे. तो सगळ्यांकडे पाठ करून उभा आहे, कारण त्याचं तोंड प्रवासात मोडलं.

संध्याकाळी सोसायटीतल्या बायका येणार होत्या. त्यांना द्यायची विड्याची पानं, हळदकुंकू, सुंडलची उसळ सगळं ताटात तयार होतं. गेल्या वर्षी अशा वेळी मी आतल्या खोलीत जाऊन पडले होते आणि डोकं दुखतंय म्हणून सांगितलं होतं. कुणी मला जा म्हटलं नव्हतं. आजही तसंच उठून आत चालले होते, एवढ्यात लावण्या फ्रिजपाशी गेली. केळीचं पान सोडलं. दुसरं मुळम काढलं आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आई, मी रोज आणली," ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी फूल घालून आली. गेटमध्ये काढली. मी वरून बघितली. मला वाटलं, एक दिवस मागेल."

दोन महिने ही पोर रोज दुसरं मुळम आणत होती आणि मी तिला पैशाची किंमत शिकवत होते. मी पाठ फिरवून उभी राहिले आणि तिने गजरा माळला. गार होता, मानेला पाणी लागलं. ही फुलं तीन नंबरच्या बाईची नव्हती.

"कुंकू?" तिने हळूच विचारलं.

मी म्हटलं, "ते राहू दे. फुलं पुरेत." ती हसली आणि तिने आग्रह केला नाही.

बायका यायला थोडा वेळ होता. मी बाल्कनीत गेले. ऊन उतरलं होतं, जवळच्या दलदलीकडून पक्षी परतत होते, खाली रस्त्यावर ऑफिसच्या बसगाड्या सुटत होत्या. खुर्ची रिकामी होती. मी ती जरा बाजूला सरकवली आणि कठड्याला धरून, आवाज फार न चढवता, पोस्टाच्या खिडकीपलीकडून पत्ता सांगायची तसा सांगितला. कल्पना त्र्यंबक, द्वारा यश, चौथा मजला, तलावाच्या मागची गल्ली, पेरुंगुडी, चेन्नई. पिनकोड सहा शून्य शून्य, शून्य नऊ सहा.

मग सवयीप्रमाणे पिनकोड पुन्हा एकदा सांगितला. आत बेल वाजली, नित्या आली होती. मी दार उघडायला गेले.